सुलूचे हजार जन्म

वर्धा, १८ नोव्हेंबर

चि. सुलू,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे असतील तर घे.

आधीच सांगून ठेवतो, हे पत्र बस्त्याबद्दल नाही. तेव्हा फाडू नकोस.

फोन तू उचलत नाहीस, आणि आता तर माझा नंबरच बंद करून टाकला आहेस. तो कसा बंद करायचा हे तुला दिपालीनं शिकवलं, हेही मला कळलं. तुझी सून माझ्या सुनेला, गुंजनला, सगळं सांगते. आपलं दोघांचं बोलणं तुटल्यापासून त्या दोघींचं मात्र मस्त जुळलं आहे. म्हणून मी कागदावर आलो. तुमच्या आंजीचं एखादं गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याच्या पिशवीत, घेतलेल्या साडीवर, हे पाकीट ठेवून देईन. पोस्टमनच्या हातून आलेलं पत्र तू परत पाठवशील, पण गावच्या माणसाला परत पाठवताना तुला लाज वाटेल.

भाऊबीजेला तू याही वर्षी आली नाहीस. मी नवा सदरा घालून संध्याकाळपर्यंत गादीवर बसलो होतो. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, काढा आता तो, चुरगळून राह्यला. मी काढला. तुझ्या नावानं कोथिंबीर भरून केलेल्या सांबारवड्या आमच्या अंकितनं आणि मी खाल्ल्या आणि मला रात्रभर ॲसिडिटी झाली. त्याचं पाप तुझ्याकडे.

बस्त्याबद्दल लिहिणार नाही म्हटलं आहे तर लिहिणार नाही. फक्त एवढंच, की जिचा सख्खा भाऊ पंचेचाळीस वर्षं कापडाच्या गादीवर बसला आहे, तिनं पोराच्या लग्नाचा बस्ता समोरच्या दुकानात बांधावा, आणि तोही माझ्या गादीवरून मला स्पष्ट दिसेल असा, हे वर्ध्याच्या बाजारात आजवर कोणी केलं नव्हतं. झालं, संपलं. मी निकेशच्या लग्नात जेवलो नाही त्याला तीन वर्षं होत आली, आणि तू अजून म्हणतेस की मुलीकडच्यांसमोर मी तुझं नाक कापलं. नाक तुझं जागेवर आहे. मी गुंजनच्या फोनवर तुझे फोटो पाहतो.

आता कामाचं. गुंजन सेवाग्रामला मेडिकल कॉलेजात नोकरीला लागली हे तुला माहीत आहे. ती डॉक्टर नाही, गणितातली आहे. सध्या ती बायकांच्या एका आजारावर काम करते आहे. कोणत्या ते मी इथे लिहीत नाही. आपल्या आईला झाला होता तो. तुला समजलं असेल.

तो आजार वेळेत सापडावा म्हणून आपल्या जिल्ह्यात तपासणी कशी करायची, हा प्रश्न आहे. मशीनची गाडी गावोगाव फिरवायची, की नर्सबाईंना शिकवून त्यांच्याकडून हातानं तपासून घ्यायचं. कोणत्या वयापासून, किती वर्षांनी. खऱ्या बायकांवर हे पाहत बसलं तर वीस वर्षं जातील आणि तोवर कितीतरी बायाही जातील. म्हणून या पोरीनं संगणकातच एक गाव वसवलं आहे. त्यात नुसत्या बाया आहेत. त्या गावाबद्दल तुला सांगायचं आहे, पण कागद संपला आणि समोर एक आंजीवाला साडीची घडी घालून घेतो आहे.

तुझा भाऊ,
ताराचंद


वर्धा, ९ डिसेंबर

चि. सुलू,

पत्र पोहोचलं, तू ते दोनदा वाचलंस आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलंस, असं कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस, पोरीला बोलणी बसतील.

तर गुंजनचं गाव. रविवारी ती जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसते. मी विचारलं, किती बाया आहेत गावात? म्हणाली, एक लाख. मी चष्मा पुसून पाहिलं तर पडद्यावर एकही बाई नाही, नुसते आकडे. एकेक ओळ म्हणजे एकेक बाई. ती जन्मते, तिचं लग्न होतं, मुलं होतात, वय वाढतं. तो आजार कोणाला होणार, कोणत्या वयात, कोणत्या वेगानं वाढणार, हे संगणक फासे टाकून ठरवतो. पण फासे वाटेल तसे नाहीत. खऱ्या दवाखान्यांतून जमवलेल्या माहितीवरून ते घासूनपुसून बनवलेले आहेत. बहुतेक बायांना तो होतच नाही. त्या दुसऱ्याच कशानं तरी जातात, नाहीतर खूप म्हाताऱ्या होऊन सुनांना छळतात.

पण खरी गंमत पुढे आहे. तेच गाव ती पुन्हा पहिल्यापासून चालवते. त्याच बाया, तेच फासे, तेच नशीब. फक्त या खेपेला गावात तपासणीची गाडी येते. मग दोन्ही गावं शेजारी ठेवायची आणि पाहायचं, गाडीमुळे कोण वाचली, कोणाला नुसताच मनस्ताप झाला आणि कोणाला काहीच फरक पडला नाही. मी म्हटलं, बाई, हे तर देवाचं काम झालं. ती म्हणाली, "पप्पा, देवाला हिशेब द्यावा लागत नाही. मला सोमवारी द्यायचा आहे."

मला त्या बायकांचा एकच दोष दिसला. त्या फार गुणी होत्या. गाडी आली की आपापल्या उठायच्या, आपापल्या तपासून घ्यायच्या आणि घरी जायच्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही. मी म्हटलं, अगं, एकटी येऊन साडी घेतलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. बरोबर जाऊ असते, शेजारीण असते, कोणाची तरी मावशी असते. एक बसली की सगळ्या बसतात आणि एक उठली की सगळ्या उठतात, मी कापडाची कितीही थानं उलगडलेली असोत. गुंजन हसली. मग हसायची थांबली आणि तिनं ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी तिच्या बाया आळीआळीनं येऊ लागल्या. पहिल्या फेरीला ही गर्दी. मी गादीवर कॉलर ताठ करून बसलो, अंकितला दोनदा सांगितलं की तुझ्या बायकोची नोकरी मी चालवतो. दुसऱ्या फेरीला मात्र आळ्याच्या आळ्या गायब. झालं असं, की त्या मशीनला कधीकधी नसलेलं दिसतं. एखादीला परत बोलावतात, आणखी तपासण्या होतात, ती बिचारी घाबरून अर्धी होते आणि शेवटी काहीच निघत नाही. आधी ती एकटीच पुढच्या वेळी यायची नाही. आता तिच्यामागे अख्खी आळी यायची नाही. दुकानातही हेच होतं. एकीनं म्हटलं याचा रंग जाईल, की सगळ्यांचे हात थानावरून मागे.

म्हणजे माझ्या हुशारीनं पोरीला नवीनच काम लागलं. परत बोलावलेल्या बाईबरोबर घरचं कोणी गेलं, तिला नीट समजावलं, तर तिची आळी टिकते का? याचा आकडा तिला कुठे मिळत नाही. ती शोधते आहे. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही टेबलापासून लांब राहा.

तुझ्या आळीत किती बाया आहेत गं? सहज विचारतो.

ताराचंद


वर्धा, ११ जानेवारी

चि. सुलू,

मी एक आगाऊपणा केला आहे, तो सांगून टाकतो.

मी गुंजनला म्हटलं, तुझ्या गावात एक बाई माझ्या सांगण्यावरून घाल. वय एकसष्ट. दोन बाळंतपणं. आईला तोच आजार. स्वभावानं हट्टी. गुंजन म्हणाली, हट्टीपणासाठी वेगळी जागा नाही, पण बोलावल्यावर येण्याची शक्यता कमी करता येते. मी म्हटलं, शून्य कर. ती म्हणाली, मग पाहण्यासारखं काही उरणारच नाही. शेवटी आम्ही थोडी ठेवली. बाई कोण ते तिनं विचारलं नाही. पोरगी समजदार आहे.

एका बाईचं पुढे काय होणार हे संगणकालाही सांगता येत नाही, हे तिनं मला आधीच बजावलं. म्हणून तीच बाई हजारदा जन्माला घालायची आणि प्रत्येक जन्म दोनदा चालवायचा, एकदा तपासणीशिवाय आणि एकदा तपासणीसह. सुलू, चहा निवायच्या आत तुझे हजार जन्म माझ्या डोळ्यांसमोर होऊन गेले. एवढ्या सुलू एकदम मी कधी पाहिल्या नव्हत्या.

बहुतेक जन्मांत तुला काही होत नाही. कितीतरी जन्मांत तू मला पोहोचवून, तेराव्याच्या जेवणाला नावं ठेवून, मग सावकाश जातेस. थोड्या जन्मांत तो आजार होतो. त्यांतल्या काहींत तो इतका गरीब असतो की उशिरा सापडूनही बरा होतो, आणि काहींत इतका खट असतो की लवकर सापडूनही ऐकत नाही. आणि पाचसहा जन्म असे, की तपासणी नव्हती तिथे तू गेलीस आणि तपासणी होती तिथे राहिलीस.

उलट बाजूही लिहा म्हणाली गुंजन, लपवाछपवी नको. शंभराच्या वर जन्मांत तुला उगाच परत बोलावलं. दोनचार जन्मांत एक झोपलेली गाठ उगाच जागी केली, जिनं तुला जन्मभर काहीच केलं नसतं, आणि तिच्यापायी तुला औषधपाणी सोसावं लागलं.

मी व्यापारी माणूस. पहिल्यांदा वाटलं, हा सौदा काही नफ्याचा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गादीवर बसलो आणि एका नवरीसाठी अख्खं कपाट उलगडलं. तिनं घेतला एक शालू. बाकीच्यांच्या घड्या घालत बसलो. तेव्हा वाटलं, आपण दुसरं काय करतो जन्मभर? उलगडलेलं वाया गेलं असं मी कधी म्हटलं नाही.

संध्याकाळी मी गुंजनला विचारलं, हा जो जन्म चालू आहे, तो त्या पाचसहांतला आहे की नाही हे कसं कळायचं? ती म्हणाली, "नाही कळत, पप्पा. तेच तर."

सुलू, त्या पाचसहांतली तू मला घालवायची नाही. बस्ता कुठेही बांध.

गाडी फेब्रुवारीच्या मध्यात आंजीला येणार आहे, शाळेच्या पटांगणात. तेवढी वाट पाहायची नसेल तर इथे ये, गुंजन घेऊन जाईल. पण तपासणी करून घे. कशाची, ते तुला समजतंच आहे.

तुझा,
ताराचंद


वर्धा, ३ फेब्रुवारी

चि. सुलू,

निकेश दुकानात येऊन तुझा निरोप देऊन गेला. त्यानं सांगितला तसाच लिहितो: "मामा, आईनं तुमच्या सांगण्यावरून तपासणी करून घेतली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला." आणि वर तुझ्याकडून आभार. तीन वर्षांतला तुझा पहिला निरोप, तोही मोतीबिंदूचा.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती हसता हसता पिठाच्या डब्यावर बसली आणि डबा चेपला. गुंजन नाही हसली. तिनं माझ्या तिन्ही पत्रांचे कच्चे कागद मागितले. मी पत्र आधी कच्चं लिहितो हे तुला माहीत आहे, दुकानाची सवय. तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही आत्याबाईंना हजार जन्म समजावून सांगितले, फासे सांगितले, आळ्या सांगितल्या. पण तपासणी कशाची, ते कुठे आहे? नुसतं 'तो आजार' आणि 'तुला समजलं असेल'. त्यांनी डोळे तपासले हे नशीब, दात काढून आल्या असत्या."

मी म्हटलं, बहिणीला असलं कसं लिहायचं?

ती म्हणाली, "मग कोणी लिहायचं?" आणि उठून गेली. ती कधी अशी उठून जात नाही.

मला रागच आला आधी. मग विचार करत बसलो. जन्मभर मी ब्लाउज पीस विकले. रेडिमेड आल्यापासून भर गर्दीत, दहा बायांसमोर, नोकराला ओरडून सांगतो की अडतीस नंबर काढ, चाळीस काढ. त्यात मला काही वाटत नाही. पण आपल्या घरात तो शब्द माणसांसमोर कोणी उच्चारला नाही आणि मीही तो कधी उच्चारला नाही, डॉक्टरसमोरसुद्धा नाही. आई आजारी होती तेव्हा मी एकवीसचा होतो. मला एवढंच सांगत, आईला बरं नाही. तिच्या पट्ट्या तू धुवायचीस, पंधरा वर्षांची पोर, हे मला ती गेल्यावर कळलं. तेही तुझ्याकडून नाही, मोलकरणीकडून.

तर लिहितो. तुझी वहिनी देवळात गेली आहे, तरी मी दार लावून घेतलं आहे.

स्तन.

लिहिलं. काही झालं नाही, छत जागेवर आहे.

आपल्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. तुला तो होण्याची शक्यता इतर बायांपेक्षा थोडी जास्त आहे. तू गाडी आली की जा आणि स्तनांची तपासणी करून घे. आत सगळ्या बायकाच असतात, पुरुष कोणी नाही. मशीनच्या दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढतात, थोडं दुखतं, पण लगेच होतं. हे मला गुंजननं सांगितलं आणि मी मान वर न करता ऐकलं.

मोतीबिंदूचं नंतर पाहू. तोही काढून टाकू.

हे पाकीट मात्र मी कोणाच्या पिशवीत ठेवणार नाही. पोस्टानं पाठवतो आहे, डिंकानं चिकटवून, वरून टेप लावून.

तुझा भाऊ,
ताराचंद


वर्धा, २० फेब्रुवारी

सुलू,

घाईत लिहितो. निकेश दुकानात उभा आहे, त्याच्याच हाती देतो.

तू गेलीस. एकटी नाही, अख्खी आळी घेऊन गेलीस, आणि गाडीच्या पायरीवर उभी राहून एकेकीला आत ढकलत होतीस, हे दिपालीनं सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या दुकानदाराला चहा पाजला. बस्त्यावाल्याला. त्याला अजून कळलेलं नाही का ते.

आणि आज कळलं की तुला परत बोलावलं आहे. आणखी फोटो आणि सोनोग्राफी, सोमवारी, सेवाग्रामला. तू निकेशला म्हणालीस की कोणी यायचं नाही, मी एकटी जाईन. आणि आळीतल्या बाया आता तुझ्या तोंडाकडे पाहत आहेत, हेही कळलं.

गुंजन म्हणते, परत बोलावलेल्या बहुतेक बायांना काही नसतं. तिनं मला आकडाही सांगितला. मी तो पाठ केला आहे, दुकानात मनातल्या मनात म्हणत असतो, आणि तरी दुपारचं ताट मी तसंच परत पाठवलं. मला भीती वाटते आहे. तुझी वहिनी म्हणते, निकेशच्या लग्नासारखं करू नका, जेवून घ्या.

सोमवारी सकाळी मी वर्ध्याच्या स्टँडवर आंजीच्या एसटीची वाट पाहत उभा असेन. तू बोलू नकोस. तू पुढे चाल, मी मागून येईन. पण मी येणार.

ताराचंद


वर्धा, ९ मार्च

चि. सुलू,

आता तू फोन उचलतेस, रोज उचलतेस, आणि तुझ्या वहिनीशी इतकं बोलतेस की माझी पाळी येईपर्यंत बॅटरी संपते. तरीही हे लिहितो आहे. काही गोष्टी माझ्याच्यानं तोंडानं होत नाहीत, हे आता तुलाही पटलं असेल.

त्या सोमवारी तू एसटीतून उतरलीस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "पैदल जातं का ऑटो करतं?" तीन वर्षांनंतरचं तुझं पहिलं वाक्य. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो आणि ऑटो केला. सेवाग्राम येईपर्यंत तू बाहेर पाहत होतीस आणि मी तुझ्या पिशवीकडे.

मग दवाखान्यातला तो बाक. आपण दोघं इतका वेळ एका जागी शेवटचे कधी बसलो होतो, मला आठवत नाही. मग पिशवीतून माझं ते टेप लावलेलं पाकीट काढलंस आणि मांडीवर ठेवलंस.

"मले तं पहिल्याच पत्रात समजलं होतं, भाऊ," तू म्हणालीस. "डोळे तपासाले मी मुद्दाम गेलती. घरात त्या दुखण्याचं नाव कोणी घेतलं नाई. आई गेली, तरी नाई. मी एकटीच घेऊन बसली होती. म्हटलं, हा तरी लिहिते का पाहू."

मी त्यावर काहीच बोललो नाही, ते तुला लागलं का? मला सुचलं नाही, सुलू. म्हणून आज लिहितो. तू एवढी वर्षं ते एकटीनं धरून ठेवलंस, पंधरा वर्षांच्या पोरीनं, आणि तुला साधं कोणी विचारलं नाही. आता मी विचारत राहणार आहे. तुला कंटाळा येईपर्यंत विचारणार आहे.

पुढचं तर तुला माहीतच आहे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, काही नाही आजी, साधी गाठ आहे, काही करत नाही, ठरल्या वेळी पुन्हा दाखवा. आणि तू "आजी कोणाले म्हणते" म्हणून त्यांच्याशी भांडायला उठलीस. मी मात्र खाली बसलो. घरी आल्यावर तू वहिनीच्या पाटोडीच्या रश्श्यात मीठ कमी म्हणालीस आणि तीन वाट्या प्यायलीस. अंकित म्हणाला, पप्पा आज किती दिवसांनी दुसरी भाकर मागताहेत.

आंजीची बातमीही कळली. तुझ्या ओसरीवर त्या संध्याकाळी बाया जमल्या आणि तू सगळी हकीकत सांगितलीस, माझ्या रडव्या तोंडाची नक्कलही केलीस म्हणे. आता पुढच्या फेरीला त्या सगळ्या येणार आहेत आणि शेजारच्या आळीतल्याही. मी हे गुंजनला मोठ्या ऐटीत सांगितलं. म्हटलं, घे तुझा आकडा, बरोबर माणूस गेलं की आळी टिकते. ती म्हणाली, एका आळीवरून गाव ठरत नाही, पप्पा, आणि मग दिपालीला फोन लावून अर्धा तास विचारत बसली. आता ती आणखी काही गावांत हे खरोखर पाहणार आहे, बोलावलेल्या बाईसोबत घरचं एक माणूस धाडून.

काल मी तिला विचारलं, आमच्या सुलूला या तपासणीनं काय मिळालं? ती खोटं बोलत नाही, हा तिचा एक त्रास आहे. म्हणाली, संगणकाच्या दृष्टीनं काही नाही. तपासणी न करताही तुझं आयुष्य असंच गेलं असतं. उगाच बोलावणं, एक दिवस गेला, घरची माणसं घाबरली. हे सगळं तोट्याच्या बाजूला जाणार. मी म्हटलं, जाऊ दे, लिही तोट्यात. मग मी तिला बाकावरचं सांगितलं, जे तुझ्या वहिनीलाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, याला माझ्याकडे रकानाच नाही."

तुला कदाचित लक्षातही नसेल तू काय म्हणालीस ते. तू सहज बोलून गेलीस, चिवडा खाता खाता.

मी तुला सांगत होतो की शेवटच्या वर्षी आई मला जवळ बसू द्यायची नाही. मी खोलीत गेलो की तोंड भिंतीकडे करायची. मला वाटायचं, मी दुकानात नीट लक्ष घालत नाही म्हणून ती माझ्यावर रागावली आहे, आणि तशीच रागावून गेली. म्हातारा झालो, तरी मी हेच धरून होतो. गादीवर बसलो की रोज एकदा तरी मनात यायचं.

आणि तू म्हणालीस, "राग कायचा, भाऊ. जखमेचा वास ये ना, म्हणून तुले दूर ठेवे. तू दुकानात गेला की मले घराच्या अन् दुकानाच्या मधली खिडकी उघडाले लावे. तू गिऱ्हाइकापुढं थान फेकताना जीभ बाहेर काढत होता ना, ते पाहून पदर तोंडात घालून हासे. रोज. दुखत असलं तरी हासे. म्हणे, पाहाय माह्या शेठले."

तेवढ्यात तुझं नाव पुकारलं आणि तू उठून आत गेलीस.

मी तिथेच बसून रडलो, सुलू. चांगला मोठ्यानं. शेजारी तरोड्याची एक बाई बसली होती. तिला वाटलं, आतून काहीतरी वाईट कळलं. तिनं आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धीर धरा बाबाजी, देव पाहते.

मी तिला म्हटलं, नाही हो बाई, तसं काही नाही. माझी आई हसत होती.

तुझा भाऊ,
ताराचंद